ऐरावताचे बारा कूलर

"ऑफिसचे तिन्ही फोन टेबलावर ठेव," मी म्हणाले.

गजेंद्र दारातच उभा होता. दुपारचे अडीच वाजले होते. तो नुकताच गच्चीवरून खाली आला होता आणि त्याचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा आमचे मालक कर्डिले सर यांच्याकडे पाहिलं, मग खांद्यावरची कापडी पिशवी उतरवली आणि तिच्यातून एक टॉवेल काढला. टॉवेलच्या घडीत आमचे चाचणीचे तीन फोन होते. मी पहिला उचलला, तर तो इतका गरम होता की लगेच खाली ठेवावा लागला.

"गच्चीवर काय करत होतास?" सरांनी विचारलं.

"टेस्टिंग, सर."

"रोज? टॉवेलमध्ये गुंडाळून?"

"हो सर."

मी सरांकडे पाहिलं. 'मी म्हटलं नव्हतं का' हे माझ्या चेहऱ्यावर लिहिलेलं असणार, आणि ते लपवावं असंही मला वाटलं नाही.

नऊ वर्षं झाली या गोष्टीला. नाशिकला गंगापूर रोडवर तिसऱ्या मजल्यावरच्या एका फ्लॅटमध्ये आम्ही पाच जण मोबाइलवरचा एक खेळ बनवायचो. नाव 'लोहमल्ल'. दोन खेळाडू, दोघांची दोन लोखंडी यंत्रं, आणि जो टिकेल तो जिंकेल. यंत्रं तीन आकारांची होती. टिटवी लहान आणि चपळ. गवा मधला. ऐरावत सगळ्यांत मोठा, चार मजली इमारतीएवढा. तोफ डागली की यंत्र तापायचं. उष्णता शंभरावर गेली की ते पाच सेकंद बंद पडायचं, आणि तेवढ्या वेळात समोरचा त्याचं भरीत करायचा. म्हणून प्रत्येक यंत्राला कूलर दिलेले होते. टिटवीला दोन, गव्याला पाच, ऐरावताला बारा.

त्या कूलरांचं गणित माझ्याकडे होतं. एका कूलरने सेकंदाला किती उष्णता ओढून घ्यायची हे मी ठरवायचे. जास्त दिली ताकद, तर ऐरावत न थांबता तोफा डागणार आणि टिटवीला कोणी हातही लावणार नाही. कमी दिली, तर ऐरावत म्हणजे भट्टीत कोंडलेला हत्ती. आठ महिने घासून मी एक तक्ता तयार केला होता. बरोबरीचे खेळाडू असतील तर कुठलंही यंत्र घ्या, शंभरात पन्नासच्या आसपास जिंकणार. तो तक्ता मी छापून माझ्या खुर्चीमागच्या भिंतीवर लावला होता. आई ज्या नजरेने देव्हाऱ्याकडे बघते, त्याच नजरेने मी त्याच्याकडे बघायचे.

स्वभावाने मी संशयी. आई म्हणायची, हिला दुधात पाणी दिसतं ते ठीक, पण हिला पाण्यातसुद्धा पाणी मिसळलेलं दिसतं. सर म्हणायचे की आपल्या धंद्याला असाच माणूस लागतो. मी ते बक्षीस मिळाल्यासारखं मिरवायचे.

माझा एक नियमही होता. चाचणीचे फोन ज्या मांडणीवर असत, तिच्यावर मी लाल अक्षरांत लिहून चिकटवलं होतं: गरम फोनवर चाचणी नाही. फोन तापला की निकाल वेडेवाकडे यायचे, आणि वेडेवाकडे निकाल मला खपायचे नाहीत. म्हणून दर तासाला सगळे फोन मांडणीवर, समोर छोटा टेबलफॅन, वरून वीसवर लावलेला एसी. फोन हाताला गार लागले की मगच पुढची फेरी. कोणी गरम फोनवर खेळून निकाल आणलेच तर मी ते सरळ खोडून टाकायचे.

खेळ डिसेंबरात बाजारात आला. तीन महिने सगळं सुरळीत चाललं. मार्चच्या मध्यापासून ऐरावत हरू लागला. पन्नासाचे सत्तेचाळीस झाले, मग त्रेचाळीस, आणि एप्रिल संपता संपता एकोणचाळीस. गंमत म्हणजे ऑफिसात आम्ही खेळलो की आकडा पन्नासच यायचा. बाहेर लोक मात्र ऐरावत बनवणाऱ्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होते. त्यात बेंगळुरूची एक मोठी कंपनी आमचा खेळ घ्यायच्या विचारात होती आणि जूनमध्ये निर्णय देणार होती. सरांनी मला आत बोलावलं आणि सांगितलं की एक तर तुझा तक्ता चुकलाय, नाही तर कोणी तरी बाहेरून गडबड करतंय. काय ते मला मे संपायच्या आत सांग.

तक्ता चुकलेला असणं मला सोसणारं नव्हतं. म्हणून मी गडबड करणारा शोधायला लागले.

गजेंद्र ढवस आमचा टेस्टर. दिवसभर खेळायचं आणि कुठे काय अडतं ते लिहायचं, हे त्याचं काम. तो बल्लारपूरचा, चंद्रपूरच्या पलीकडचा. दोन वर्षं आमच्याकडे होता आणि अबोल असला तरी कामाला चोख होता. शिमग्याला तो आठ दिवस गावी जाऊन आला, आणि ऐरावताची घसरण नेमकी त्याच आठवड्यात सुरू झाली. माझ्या मनात पाल चुकचुकली ती तिथे.

परत आल्यावर सोमवारच्या बैठकीत तो म्हणाला होता, "ताई, ऐरावत उन्हात तापून राहिला." सर म्हणाले, मग त्याला टोपी घाल. सगळे हसले. सगळ्यांत जास्त मी हसले. पुन्हा त्याने तो विषय काढला नाही, पण त्यानंतर रोज दुपारी दोनला तो चाचणीचे फोन घेऊन गच्चीवर जायला लागला. विचारलं तर म्हणायचा, थोडं वर बसतो. एसीतला माणूस भर उन्हात गच्चीवर बसतो ते कोणाशी तरी चोरून बोलायलाच, असं मी स्वतःला सांगितलं.

मग मी लढतींच्या नोंदी काढल्या. कुठून कोण खेळतं, कोण जिंकतं, सगळं आमच्याकडे साठत असे. बल्लारपूरपाशी मी थांबले. एकाच घरातले दोन फोन, एक कायम ऐरावत घेणारा आणि दुसरा कायम टिटवी. मार्चपासून दोनशे चौदा लढती, त्यांतल्या एकशे चोपन्न ऐरावताने हरलेल्या. ऐरावतवाल्या खात्याचं नाव 'सुनंदा' आणि टिटवीवाल्याचं 'वाघीण'. सुनंदा हे नाव आम्हाला सगळ्यांना पाठ होतं. गजेंद्रच्या खांद्याला असायची ती कापडी पिशवी त्याच्या बहिणीने, सुनंदाने शिवलेली होती आणि तिची तारीफ तो येता-जाता करायचा.

हे पाहिलं आणि माझा जीव थंड झाला. तक्ता बरोबर होता. कोणी तरी घरात बसून मुद्दाम ऐरावत हरवत होतं. मी तो कागद छापला आणि सरांकडे गेले.

तर त्या दुपारी तो कागद मी गजेंद्रसमोर सरकवला.

"ही सुनंदा कोण?"

"बहीण माझी."

"तिला ऐरावत हरवायला कोणी सांगितलं?"

"हराले नाही सांगतलं, ताई. खेळाले सांगतलं."

"कशाला?"

बोलू की नको, असं त्याच्या तोंडावर दिसत होतं.

"फोन तापला का ऐरावत हरते. काऊन हरते ते मले नाही समजलं. म्हणून तिले म्हटलं, तू खेळून पाह्य. इथं गच्चीवर मी पाह्यतो."

सर माझ्याकडे वळले. मला त्याची कीव आली, खरंच आली. एवढी फुसकी सबब घेऊन कोणी उभं राहतं का, असं वाटलं.

"गजेंद्र," मी म्हणाले, "फोनचं तापणं वेगळं आणि खेळातलं तापणं वेगळं. खेळातली उष्णता हा नुसता आकडा आहे. आकड्याला ऊन लागत नाही."

"ते खरं आहे, ताई," तो म्हणाला. "पण हरते."

सरांनी फार ताणलं नाही. घरच्या माणसांना हाताशी धरून खेळाचे निकाल बिघडवले, एवढं कारण पुरे होतं. सोमवारपासून येऊ नको, असं त्यांनी सांगितलं. गजेंद्रने वाद घातला नाही. पिशवीत हात घालून त्याने एक शंभर पानी वही काढली, शाळेत असते तशी, आणि माझ्यासमोर ठेवली.

"यात सगळं लिहून आहे. एकदा वाचून पाह्यजा, ताई."

टॉवेल घडी करून त्याने पिशवीत भरला आणि तो गेला. वही मी खालच्या खणात टाकली. चोराने स्वतःच्या बाजूने लिहिलेली वही कशाला वाचायची, हा माझा विचार.

त्याच संध्याकाळी मी सुनंदा आणि वाघीण ही दोन्ही खाती बंद केली. आता आकडा वर येणार याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. दुसऱ्या आठवड्यात तो सदतीसवर आला.

शहाण्या बाईने इथे थांबून विचार केला असता. मी मात्र नकाशा काढला. ऐरावत जास्त कुठे हरतोय ते पाहिलं, तर चंद्रपूर, नागपूर, अकोला, जळगाव. मला वाटलं, बघा, याची तर टोळीच आहे. तिकडची माणसं एकमेकांना धरून असतात, कामावरून काढल्याचा राग काढतायत, असं मी सरांना अगदी ठामपणे सांगितलं. नकाशावरची ती नावं रोज टीव्हीवर तापमानाच्या यादीत वाचून दाखवत होते, आणि एसीत बसून मी त्यांच्यात कट शोधत होते. साप साप म्हणून भुई धोपटणं म्हणतात ते हेच.

बेंगळुरूच्या लोकांनी लेखी खुलासा मागितला. नुसत्या संशयावर खुलासा देता येत नव्हता, पुरावा हवा होता. मी म्हटलं, मी जाते बल्लारपूरला. त्या घरात जाऊन कोण खेळतं, कोणाच्या सांगण्यावरून खेळतं ते डोळ्यांनी बघून येते. सर म्हणाले, एवढ्या उन्हात? मी म्हटलं, ऊन आकड्यालाही लागत नाही आणि मलाही लागत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दीडला बल्लारपूरच्या, म्हणजे बल्हारशाह स्टेशनवर उतरले, तेव्हा कळलं की मला लागतं. हवा नव्हतीच, होती ती झळ. कागद कारखान्याचा उग्र वास नाकात बसला होता. रिक्षावाल्याने डोक्याला उपरणं गुंडाळलं होतं आणि त्याने मला आधी ओढणी डोक्यावरून घ्यायला लावली, मगच रिक्षा सुरू केली. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. रिक्षात बसून मी माझं खोटं पाठ करत होते. मी कंपनीची माणूस, खेळाडूंची पाहणी करायला आले आहे, तुम्ही कोणतं यंत्र घेता, का घेता. गजेंद्रचं नाव काढायचं नाही. त्यांच्या तोंडूनच सगळं वदवून घ्यायचं.

घर टिनाच्या छताचं होतं. दारात शिवणयंत्र आणि त्याच्याभोवती ब्लाउजांच्या चिंध्या. मला पाहून एक बाई उठली. गजेंद्रसारखाच रुंद चेहरा आणि तशीच दमाने बघायची सवय. मी तोंड उघडलं आणि पाठ केलेलं पहिलं वाक्य म्हणायला लागले.

"तुम्ही हेमांगीताई ना?" ती म्हणाली.

माझं वाक्य तसंच राहिलं.

"या ना जी, आत या. तुमचा फोटो दाखवला होता गजूनं, दिवाळीचा. तो म्हणे, ताई येतीन. उशिरा येतीन, पण येतीन. त्यायले सोताच्या डोळ्यानं पाह्यल्याशिवाय पटत नाही." आणि आत वळून ती कोणाला तरी म्हणाली, "आल्या पाहा नाशिकच्या ताई."

मी आत गेले. जाऊन करणार काय होते? माठातलं पाणी आलं, मग कैरीचं पन्हं आलं. पंखा होता, पण तो छताचीच झळ खाली ढकलत होता. खाटेवर एक म्हातारी बसली होती, साठीच्या पुढची, नाकावर दोरी बांधलेला चष्मा. त्या सुनंदाच्या सासूबाई. त्यांच्याकडे बोट करून सुनंदा म्हणाली की याच वाघीण.

माझी टोळी ही अशी होती. एक ब्लाउज शिवणारी बाई आणि तिची सासू.

सुनंदाने काहीही न लपवता सगळं सांगितलं. शिमग्याला गजू आला होता तेव्हा दुपारचा खाटेवर पडून खेळायचा आणि सारखा हरायचा. सकाळी तोच खेळ जिंकायचा. तेव्हापासून त्याने दोघींना कामाला लावलं होतं. सकाळी सहाला थोड्या लढती आणि दुपारी दोनला थोड्या. रोज फोन करून तो आकडे विचारायचा आणि वहीत लिहायचा. सुरुवातीला सासूबाई नको म्हणायच्या, मग त्यांना टिटवीची अशी चटक लागली की शिजवायचं सोडून बसायच्या. "पण आमचं बंद झालं जी," ती म्हणाली. "वीस दिवस झाले. काही बिघडलं असन."

मी माझा फोन काढला आणि दोन्ही खाती तिथेच उघडून दिली. ती कोणी बंद केली होती ते सांगितलं नाही.

"आता खेळा तुम्ही," सुनंदाने आपला फोन माझ्या हातात दिला. "ऐरावत घ्या."

घड्याळात सव्वादोन झाले होते. फोन तव्यासारखा गरम होता. ऐरावत माझ्या हातचा, त्याला माझ्याइतकं ओळखणारं कोणी नव्हतं. चार तोफा, थांबायचं, दोन तोफा, थांबायचं. अशाने उष्णता ब्याऐंशीला अडते, भिंतीवरच्या तक्त्यात तसंच आहे. मी चार डागल्या, थांबले, दोन डागल्या. ब्याऐंशी झाले. नव्वद झाले. मी हात आवरला, तरी आधीच्या तोफांनी आकडा सत्त्याण्णववर नेला. पुढच्या तोफेला माझा ऐरावत धापकन बसला आणि वाघिणीच्या टिटवीने त्याला टोचून टोचून संपवलं.

"दुपारचा हत्ती बसतेच," सासूबाई समाधानाने म्हणाल्या.

पुन्हा खेळले. पुन्हा हरले. तिसऱ्या वेळी मी लढायचं सोडून नुसतं बघत राहिले. आमच्या खेळात कूलर काम करतो तेव्हा यंत्राच्या पाठीतून वाफेचा छोटा फुत्कार निघतो. तोफा ठरल्या वेळी उडत होत्या. वाफ मात्र रेंगाळत, दमत, एक सोडून एक निघत होती. ऐरावताच्या पाठीवर बारा भोकं आणि बाराही अर्धी मुकी.

मी फोन खाटेवर ठेवला.

मोबाइलमधला खेळ म्हणजे भराभर बदलणारी चित्रं, सेकंदाला साठ. आमच्या खेळात तोफ उडायची ती घड्याळावर, पण कूलर चालायचे ते चित्रांवर. दर चित्राला प्रत्येक कूलर थोडी थोडी उष्णता काढायचा. पहिल्या वर्षी कोणी तरी ती ओळ अशी लिहिली आणि पुन्हा तिच्याकडे पाहिलं नाही, कारण थंड फोनवर साठाची साठ चित्रं येतातच. फोन तापला की तो स्वतःला वाचवायला चाल मंद करतो. साठाची तीस चित्रं होतात. उष्णता तेवढीच येते आणि कूलर अर्धे चालतात. टिटवीचं त्याने काही बिघडत नाही, ती मुळात तापतच नाही. ऐरावत जगतो तोच बारा कूलरांवर.

पर्समधून मी तो छापील कागद काढला, गजेंद्रसमोर सरकवलेला. दोनशे चौदा लढती. मी बेरीज पाहिली होती. प्रत्येक लढतीपुढे वेळही छापलेली होती, ती मी वाचलीच नव्हती. सकाळी सहाच्या लढती निम्म्या जिंकलेल्या, निम्म्या हरलेल्या. दुपारी दोनच्या जवळजवळ सगळ्या हरलेल्या. काखेत कळसा आणि मी गावाला वळसा घालत बल्लारपूरपर्यंत आले होते.

तीनच्या सुमाराला गजेंद्र जेवायला घरी आला. बसस्टँडजवळच्या एका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात तो लागला होता आणि बहिणीकडेच राहत होता. दारातली माझी चप्पल त्याने पाहिली असावी, कारण आत येताना तो शर्टाची बटणं नीट करत आला.

"आल्या, ताई?" तो म्हणाला. नंतर खाली बसला, पाणी प्यायला आणि त्याने एकच गोष्ट विचारली. "वही वाचली?"

सुनंदा माझ्याकडे बघत होती. चष्मा सावरून म्हातारीही बघत होती.

"हो," मी म्हणाले. "वाचली, म्हणूनच आले."

त्याच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला अजून दिसतं. त्याने मान हलवली आणि बहिणीकडे बघून तो हसला, तू बघ, मी म्हणत नव्हतो का, असं काहीसं. मी घाईघाईने चित्रांचं आणि घड्याळाचं सांगायला लागले. तो मन लावून ऐकत राहिला आणि शेवटी म्हणाला, "म्हणजे ऐरावत नोयता तापून राहिला, कूलरच दमून राहिले होते." आठ महिन्यांच्या माझ्या कामाची इतकी नेमकी गोष्ट त्याआधी कोणी सांगितली नव्हती.

मी तिथूनच सरांना फोन लावला आणि सगळं सांगितलं. ते म्हणाले की त्याला घेऊनच ये. मी गजेंद्रला तसं सांगितलं. पगार वाढवून देतील असंही माझ्या पदरचं घातलं.

"नाही, ताई," तो म्हणाला. "आता इथंच बरं आहे. घर आहे, बाई आहे." त्या घरात मोठ्या बहिणीला बाई म्हणत. मग जरा खाली बघून म्हणाला, "त्या दिवशी बैठकीत सगळे हसले, त्याचं काही नाही. तुम्ही हसल्या, ते लागलं होतं. पण तुम्ही वही वाचून इतक्या दूर आल्या. झालं माझं काम."

त्या वेळी खरं बोलायला हवं होतं. ताटं वाढली गेली, भाकरी आणि बेसन समोर आलं, सुनंदा आग्रह करत राहिली आणि मी जेवत राहिले. निघताना सुनंदाने मला एक कापडी पिशवी दिली, त्याच्यासारखीच.

नाशिकला येऊन ती एक ओळ बदलायला सरांना दहा मिनिटं लागली. कूलर घड्याळावर आणले. भर मेमध्ये ऐरावत आठवड्याभरात पन्नासवर आला. बेंगळुरूच्या कंपनीने खेळ घेतला. माझ्या तक्त्यातला एकही आकडा बदलावा लागला नाही आणि सगळ्यांनी माझं अभिनंदन केलं. सरांनी पेढे आणले होते. मी माझा पेढा तसाच टेबलावर ठेवला.

सगळे जेवायला गेल्यावर मी खालचा खण उघडला आणि वही काढली. पाठीवरचा एसी वीसवर होता. मांडणीवर फोन गार होत पडले होते आणि त्यांच्या वर माझी लाल अक्षरं होती.

बल्लारपूरला जायची गरजच नव्हती. सगळं त्या वहीत होतं, तारीख, वेळ, ऊन किती, कोण जिंकलं. पण त्यासाठी पुढची पानं उलटायचीही गरज नव्हती. पहिल्याच पानावर, मार्च महिन्याच्या तारखेखाली, त्याने गोल अक्षरात माझा नियम उतरवून घेतला होता: 'ताईंचा नियम. गरम फोनवर चाचणी नाही.'

त्याच्याखाली एक ओळ सोडून लिहिलं होतं: 'नियम बरोबर आहे. पण उन्हाळ्यात आमच्याकडे थंड फोन कोणाजवळ असते, हे ताईंना विचारायचे.'